तिसऱ्या कडव्यातली गिरकी

६ डिसेंबर

दरीपलीकडून आलेला तो आवाज आज पहाटे पुन्हा ऐकू आला. म्हणजे आला नाही, मला आठवला. मी तेरा वर्षांचा होतो. मक्याच्या खुरपणीला चाळीस माणसं रांगेत वाकलेली, एका टोकानं गाणं टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं. आणि एकाएकी पलीकडच्या उतारावरून कुणीतरी साऱ्यांच्या डोक्यावरून आरवलं. अगदी कोंबड्यासारखं, पण कोंबड्याला सात जन्मांत जमणार नाहीत अशा गिरक्या घेत. माझ्या शेजारच्या म्हातारीनं कुदळ टेकवली. म्हणाली, "कुणाचं रे हे पोर? गळ्यात घंटा घेऊन जन्मलंय की काय!"

ते पोर म्हणजे आर्किपो. मला एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या: तो आवाज जिवाला लागला, आणि तो माझा नाही म्हणून पोटात दुखलं. पासष्ट वर्षं झाली. दोन्ही तशाच आहेत.

एकोणीस ऑक्टोबरला तो गेला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात पेला उचलून बोलायचं काम गावानं माझ्यावर टाकलं. एक्केचाळीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या ना मी. बोललो. पाठ्यपुस्तकातल्या नद्या, गरुड, पहाटतारे, सगळे त्याच्या गळ्यात घातले. दगड पाझरावेत तशी माणसं रडली. आणि मी मनात मोजत होतो, माझ्या चाळिसाव्याला यातले किती येतील.

हे कुणाला सांगणार? ज्याला सांगितलं असतं तो डोंगरावर झोपलाय. म्हणून शाळेचा हा उरलेला हजेरीपट काढला. हजर विद्यार्थी एक.

९ डिसेंबर

एलिसो आली होती. संगीतशाळेत शिकवते. माझीच विद्यार्थिनी, कवितेची शेवटची ओळ गिळायची, आता तिशी आली तरी वाक्य पुरं करत नाही. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून गातात. आर्किपो शेवटची दोन वर्षं त्यांना शिकवत होता. बायकांना! आम्हा पुरुषांना शिकवताना काठी उगारणारा माणूस!

"मास्तर, एक अडलंय. गाडीवाटेचं गाणं. वरचा सूर आहे, मधला आहे. खालचा मात्र..."

"आर्किपोकडून घ्यायचा होता."

"घेतला असता. पण ते..." तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली. "सगळी गाणी त्यांनी यात भरलीत. एकेक सूर वेगळा, तिन्ही स्वतःच गाऊन. तुम्ही ऐकाच."

तिन्ही स्वतः! तिघांच्या गाण्यात मधला शब्द सांगतो. वरचा क्रिमांचुली, म्हणजे ते कोंबड्यासारखं आरवणं, घुमवतो आणि लोकांची तोंडं उघडी ठेवतो. आणि खालचा बानी धरतो. बानी म्हणजे आमच्या घराखालचे खांब. घरी आलेला पाहुणा माडीचं, जिन्याचं, कोरीव कठड्याचं कौतुक करतो. वाकून खांबांना कुणी शाबासकी दिलेली मी पाहिली नाही. आयुष्यात माझं म्हणून जे होतं ते एवढंच, आणि या पठ्ठ्यानं जाता जाता तेही गाऊन टाकलं!

"मास्तर, ते गाणं आता फक्त तुम्हालाच..."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"थोडंसुद्धा?"

"चाळीस वर्षं झाली बाई म्हणून. विसरलो."

ती कॅसेट टेबलावर ठेवून गेली. खोटं बोलल्यावर विद्यार्थी ज्या खिडकीबाहेर बघतात, त्याच खिडकीबाहेर मी बघत होतो.

१० डिसेंबर

पाऊस. कॅसेटवर वर्तमानपत्र टाकून ठेवलं.

१३ डिसेंबर

दुकानात पावासाठी रांग होती. तीन माणसं माझ्याशी बोलली, तिघांनीही आर्किपोचंच काढलं. दुकानदारीण म्हणाली, "मास्तर, आता असा आवाज नाही हो होणे. तुम्हीपण गायचात ना त्याच्यामागे?"

मागे! मी खाली गायचो बाई, मागे नाही.

आता लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो. एकावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. सामूहिक शेतीच्या कापणीचा उत्सव. मधल्या सुराला सेवेरियान, वर आर्किपो, खाली मी. गाडीवाटेचं गाणं, तिसरं कडवं. तिथं बानीनं चढून, चार ठोके धरून, मग उतरायचं. समोर तिसऱ्या रांगेत ओलिंपियादा बसली होती, केसांत पांढरी फीत. ती हसली. माझ्याकडे बघून हसली असं मला वाटलं, आणि मी दोन ठोके आधीच खाली पडलो. पडलो म्हणजे धाडकन. जिन्याची पायरीच नाहीशी व्हावी तसा.

वरच्याच्या पायाखालची जमीन गेली. दुसरा कुणी असता तर गप्प झाला असता. आर्किपोनं त्या खड्ड्यावरून उडी मारली. वर गेला, तीन गिरक्या घेतल्या, आणि मी जिथं पडलो होतो बरोबर तिथं अलगद येऊन टेकला. टोप्या उडाल्या. त्या दिवसापासून ती "आर्किपोची गिरकी". राजधानीतले पंडित ती ऐकायला खेचरावर बसून येऊ लागले. चूक माझी आणि नाव त्याचं! नंतर मी नीट गायचा प्रयत्न केला, तर गावच ओरडायचं, "गिरकी कुठाय? गिरकी!" मग मला दर वेळी मुद्दाम पडावं लागायचं.

ओलिंपियादानंही वर्षभरात त्याच्याशीच लग्न केलं. कुणाकडे बघून हसली होती ते कळलं.

मग एके वर्षी मोठ्या गायकवृंदानं त्याला फ्रान्सला नेलं. खालच्या सुराला त्यांच्याकडे त्यांचा माणूस होता. परत आला तो माझ्यासाठी शाईचं पेन घेऊन. "मास्तर, कविता लिही." मी म्हणालो, "यापुढं तुझ्याबरोबर गाडीवाटेचं गाणं मी म्हणणार नाही." तो म्हणाला, "बरं." एवढंच. बाकी सगळी गाणी म्हटली आम्ही, तेवढं एक नाही. म्हणे फ्रान्समध्येही त्यानं ते गायलं नव्हतं. तिथल्या लोकांना झेपलं नसेल.

पेन अजून चालतं. याच पेनानं लिहितोय.

१७ डिसेंबर

माझी बायको लामारा शेजारी अक्रोड फोडायला गेली होती. दार लावलं, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

आधी इतर गाणी. वरचा सूर तोच, म्हातारा झालेला, कडा झिजलेला, तरी तोच. मग बानी. हसू आलं मला. कावळ्यानं बैलाचा आव आणावा तसा बानी! घसा खाली दाबून, "ओ ओ" करत. आणि मधेच बोलतो, "मुलींनो, हे मास्तरसारखं जमत नाहीये, पण दिशा घ्या." मी यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं. तेवढं वाक्य तीनदा ऐकलं. उपहास असणार.

शेवटी गाडीवाटेचं. वरचा. मधला. मग त्याचा आवाज: "आता खालचा." आणि काही नाही. कॅसेट फिरतेय, रिकामी. नीट कान दिला तर बोटानं फळीवर ठेका धरल्याचं ऐकू येतं, आणि त्याचा श्वास. पूर्ण गाण्याच्या लांबीइतकं रिकामं. फक्त तिसऱ्या कडव्याशी तो बोलला: "इथं मास्तर पडतो. पडू द्या. तो पडला नाही तर मला चढायला जागाच नाही. बानी त्याच्याकडून घ्या, मी नाही देणार."

म्हणजे त्याला माहीत होतं! एकावन्न वर्षं माहीत होतं! रोज माझ्या अंगणात बसून माझी दारू प्यायचा, माझ्या मुलाचा धर्मपिता झाला, आणि पोटात हे! आणि सांगितलं कुणाला, तर कालच्या पोरींना. "इथं मास्तर पडतो." गावभर झालं असेल. दुकानदारीण उगाच नाही तशी बोलली.

१८ डिसेंबर

एलिसोला कॅसेट परत दिली.

"ऐकलीत?" तिचे डोळे भरले होते. "शेवटचं ऐकून आम्ही तिघी..."

"हसलात?"

"मास्तर!"

"खालचा सूर मला आठवत नाही. पुन्हा येऊ नकोस त्याच्यासाठी."

लामारा दारात उभी होती, हाताला पीठ. "अरे माणसा, काय आठवत नाही तुला?"

"गाडीवाटेचा बानी."

"रोज दाढी करताना म्हणतोस तो कुणाचा? गाईचा?"

एलिसो तिच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "हिचं ऐकू नकोस, हिला गाण्यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत," लामारा म्हणाली. "त्या वरच्या आरवण्यानं माझं डोकं उठायचं. मला आपलं तेवढं खालचं 'हो-हो' पाठ आहे. तिसऱ्या रांगेत बसून तेवढंच ऐकत होते मी. ओलिंपियादा मला कोपरानं ढोसत होती, 'बघ, तुझा कसा घामाघूम झालाय.' म्हणून तर हसली मेली."

पन्नास वर्षं संसार केला, पण या बाईला सुरांची जाण म्हणून नाही. एवढी गिरकी झाली, आणि हिनं ऐकलं काय, तर खालचं! एलिसो निघाली. फाटकाशी थांबून म्हणाली, "तुम्ही गेलात की ते गाणंही जाईल, मास्तर." पहिल्यांदाच तिनं वाक्य पुरं केलं.

२४ डिसेंबर

नव्या वर्षी उंबऱ्यात पहिला पाय कुणाचा, यावरून घरात दोन दिवस चर्चा. बेचाळीस वर्षं, हे घर बांधल्यापासून, आमच्याकडे आर्किपोचा पाय. पहाटे यायचा, जिन्यावर बर्फ झाडायचा, दार ठोकायचा. "दार उघडा!" मी आतून विचारायचो, "काय आणलंय?" तो म्हणायचा, "आरोग्य आणलंय." दुसऱ्यांदा, "आनंद आणलाय." आणि तिसऱ्यांदा लोक म्हणतात तसं बरकत-बिरकत काही नाही. म्हणायचा, "माझं काही नाही. तुझंच आणलंय." मग आत येऊन माझ्याच घरच्या मध-अक्रोडाच्या वड्या खायचा. फुकट्या, असं मी म्हणायचो आणि लामारा आणि मागून आलेली ओलिंपियादा हसायच्या.

"शेजारच्या काकोला बोलावू या," मी म्हणालो.

"काको? मागं त्याचा पाय पडला तेव्हा कोंबड्या मेल्या."

"मग सेवेरियान?"

"तो बाटुमीला मुलाकडे, ठार बहिरा. दार ठोकेल आणि आपण काय विचारलं ते ऐकणारच नाही. दिवसभर ठोकत बसेल."

शेवटी माझा भाचा गोचा ठरला. पायगुण चांगला आहे म्हणतात. गाडी चांगली आहे हे नक्की.

२७ डिसेंबर

ओलिंपियादाकडे संत्री द्यायला गेलो. सुतकाचं घर. हेझलची काठी तासून नव्या वर्षाला करतात ते पांढऱ्या दाढीचं झाड नाही, वड्यांचा वास नाही. ती काळ्या कपड्यांत कांदे चिरत बसलेली. दाराशी आर्किपोचे रबरी बूट, पुसून, टाचा जुळवून ठेवलेले. माझे बूट लामारा मी जिवंत असताना मागच्या दारी भिरकावते.

"शेवटी शेवटी काय बोलायचा?" मी विचारलं. मला काय ऐकायचं होतं देव जाणे.

"बकरीला पाला घाल म्हणायचा."

"आणखी?"

"पालाच. दोन आठवडे पाला." मग सुरी थांबवून म्हणाली, "संध्याकाळी गायचो थोडं. सेवेरियान बाटुमीला गेल्यापासून मधला सूर मीच धरायचे. हे असेच कांदे चिरत."

म्हणजे माझ्याशिवाय गाणी व्हायची! तीनशे पावलांवर माझं घर, एक हाक पुरली असती! "आणि खाली कोण? एलिसो?"

"खाली कुणी नाही. तो म्हणायचा, जागा सोड. मग आम्ही जागा सोडायचो."

मी उठलो. मला वाटलं होतं निदान माझ्या जागी कुणीतरी बसवला असेल, म्हणजे नीट रागावता आलं असतं.

"तुमच्याकडे यंदा पहिला पाय कुणाचा?" तिनं जिन्यापर्यंत येऊन विचारलं.

"गोचाचा."

"गोचाचा," ती म्हणाली. बुटांकडे बघत राहिली.

३१ डिसेंबर

दुपारपासून बर्फ. असा बर्फ आमच्या चहाच्या मळ्यांवर दहा वर्षांत पडला नाही. टर्की शिजली, अक्रोडाचा रस्सा झाला, वड्या थापल्या. सहाला गोचाचा फोन: घाटात गाड्या अडकल्यात, येणं होत नाही, मामी रागावू नका.

लामारा खुर्चीत बसली. "आता कोण? उद्या उंबरा कोरडा राहणार? बेचाळीस वर्षांत..."

"येईल कुणीतरी."

"कोण येईल? ज्याचं येणं ठरलेलं असायचं त्याला तू चाळीस वर्षं फुकट्या म्हणालास."

वर्षातला शेवटचा दिवस. शाळेत मी मुलांना सांगायचो, कवितेत शेवटची ओळ पहिल्या ओळीला हाक मारते. कुणी ओ देतं की नाही, ते मात्र कधी सांगितलं नाही.

१ जानेवारी

एलिसोला आत्ताच फोन केला. म्हटलं, तिघी या, वह्या नकोत, कान आणा. ती काहीतरी बोलायला लागली आणि तिचं वाक्य पुन्हा अर्धंच राहिलं. आता झालं ते क्रमानं लिहितो.

पहाटे उठलो. चुलीत लाकडं घातली. पहिला पाय पडेपर्यंत घरातल्यानं बाहेर जायचं नाही. खाली गाय हंबरत होती. लामारा म्हणाली, "तिला काय सांगू आता? गोचा घाटात अडकलाय म्हणून?" आठ वाजले. नऊ वाजले. गाईचा आवाज फाटायला लागला. आम्ही दोघं म्हातारे दोन खुर्च्यांत बसून दाराकडे बघतोय, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

मग जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश. बर्फ झाडल्याचा आवाज, तीनदा, डावा, उजवा, डावा.

दार वाजलं. "दार उघडा." मफलरमधून आल्यासारखा, घोगरा आवाज.

लामारानं मला ढोसलं. "विचार ना!"

"काय आणलंय?"

"आरोग्य आणलंय."

"काय आणलंय?"

"आनंद आणलाय."

तिसऱ्यांदा विचारायच्या आधी मी लामाराकडे पाहिलं. ती दरवाजा धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. मी विचारलं.

"माझं काही नाही. तुझंच आणलंय."

आणि दाराच्या पलीकडून कुणीतरी गाडीवाटेचं गाणं सुरू केलं. मधला सूर, पहिली ओळ. आवाज थकलेला, तडकलेला, पण रस्ता पाठ असलेल्या बैलासारखा न चुकणारा. दुसऱ्या शब्दाशी बानीनं यायचं असतं. मी ठरवलं वगैरे काही नाही. पोटातून काहीतरी वर आलं आणि पाहिलं तर मी गात होतो, बंद दाराकडे तोंड करून, पायांत घरातल्या चपला. चाळीस वर्षं! एक सूर इकडचा तिकडे झालेला नव्हता. लामारा जमिनीकडे बघून मान हलवत होती, दाढीच्या वेळी हलवत असेल तशी.

तिसरं कडवं आलं. नीट गाता आलं असतं मला. कुणी "गिरकी कुठाय" म्हणून ओरडणारं नव्हतं. चार ठोके धरायचे, मग उतरायचं, पुस्तकात असतं तसं. मी चढलो. दोन ठोके धरले, आणि पडलो.

पलीकडचा आवाज थांबला. त्यानं जागा सोडली. आम्ही दोघंही थांबलो, दाराच्या अल्याड-पल्याड, तीन गिरक्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा. त्या वेळात काही ऐकू आलं नाही. खालची गायसुद्धा गप्प होती. आणि इतकी मोठी जागा मी आयुष्यभर त्याला करून देत होतो, हे मला त्या शांततेत कळलं. तरी पोटात दुखलंच. कारण ती जागा भरणं मला अजूनही जमणार नव्हतं.

मग गाणं जिथं टेकतं तिथं आम्ही दोघं येऊन टेकलो.

मी कडी काढली. बाहेर ओलिंपियादा उभी होती, डोक्यापासून घोट्यापर्यंत काळ्यात, शालीत हेझलनटची पुरचुंडी. सुतकातली बाई नव्या वर्षाच्या दिवशी दुसऱ्याच्या उंबऱ्याकडे फिरकत नाही. आमच्या डोंगरात असं कधी झालेलं नाही. तिलाही ते ठाऊक होतं. ती उंबऱ्याबाहेर एक वीत अंतरावर थांबली होती, आणि गुडघ्यापर्यंत बर्फानं माखली होती.

"मला येता येत नाही," ती म्हणाली. "माझा पाय अपशकुनी. पण बूट त्याचे आहेत."

मी खाली पाहिलं. रबरी बूट, तिच्या पायांना चार बोटं मोठे, आत कापड कोंबलेलं.

"उजवा आधी," लामारा म्हणाली.